ज्यूलिया मावशीचा राग

"कोण वारलं गं?" आईने विचारलं.

रविवारची दुपार होती. एडिंबरोहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला होता आणि नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत भाची कामाला लागून फोन तिच्या मुलाच्या हातात गेला होता. मुलगा पंधरा वर्षांचा. परीक्षा तोंडावर आलेली. मावशीआजी कवितांचं काहीबाही वाचते एवढी माझी ख्याती त्याच्यापर्यंत पोचलेली असावी, कारण त्याने हाय-हॅलो न करता थेट वहीच कॅमेऱ्यासमोर धरली. स्कॉटिश कवी नॉर्मन मॅकेगची 'आंट ज्यूलिया', म्हणजे ज्यूलिया मावशी. स्कॉटलंडच्या शाळांमध्ये मॅकेगच्या कविता वर्षानुवर्षं अभ्यासाला आहेत. मी म्हटलं, आधी मोठ्याने वाच. त्याने वाचली, त्याच्या त्या तिकडच्या हेलात, भरभर, मान खाली घालून. माझी आई शेजारी पलंगावर वाती वळत बसली होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. त्यातून पणतू वाचतो ते इंग्रजी तर मलाही अधूनमधून निसटतं. पण कविता संपली तशी तिने वातीवरून नजर वर केली आणि तो प्रश्न विचारला. पणतवाने तो ऐकला, हसला, आणि मला म्हणाला, "व्हॉट इज शी सेइंग?" मी सांगेपर्यंत मागून त्याच्या आईची हाक आली आणि फोन बंद झाला.

आईच्या प्रश्नाला तेव्हा उत्तर मिळालं नाही. मीही दिलं नाही, कारण मी त्याच विचारात पडले होते. हिला कसं कळलं?

कविता लहान आहे. वही परत मागवायचीही गरज पडली नाही, मॅकेगचा जाडजूड संग्रह माझ्याकडे होताच. १९६८ च्या 'रिंग्ज ऑन अ ट्री' या पुस्तकातली ही कविता. तोवर मॅकेग पन्नाशी उलटून गेला होता. तरुणपणी त्याने अगम्य, प्रतिमांनी ठासून भरलेल्या कविता लिहिल्या आणि नंतर ती पहिली दोन पुस्तकं स्वतःच नाकारली. मग बरीच वर्षं यमकात, बांधीव लिहिलं, आणि १९६० च्या दशकात यमक सोडून या साध्या, बोलल्यासारख्या ओळींवर आला. 'आंट ज्यूलिया' त्याच वळणावरची. पहिल्याच दोन ओळींत तो सांगून टाकतो की ही बाई गॅलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली आणि बेटांवरची जुनी भाषा, बोलायची, फार मोठ्याने आणि फार भरभर. आणि पुढच्या दोन ओळींत: मला तिला उत्तर देता यायचं नाही, कारण मला ती काय म्हणते ते कळायचंच नाही. संपलं. माणसाची ओळख करून देताना आपण आधी तिचा चेहरा सांगू, गाव सांगू, नातं सांगू. हा आधी आवाज सांगतो, आणि लगेच त्या आवाजासमोरचा आपला ठार बावळटपणा.

मग पाय. ती पुरुषांचे बूट घालायची, घालायची तेव्हा. एरवी अनवाणी. पीट म्हणजे तिथल्या दलदलीतली कुजून काळी झालेली माती, ती कापून वाळवून चुलीत जाळतात. तिचा डाग लागलेलं ते भक्कम पाऊल चरख्याची फळी खालीवर करतंय आणि उजवा हात हवेतून सूत ओढून काढतोय. हवेतून, असंच म्हणतो तो. लोकर त्याला दिसत नाही. पोराच्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच की काही नव्हतं तिथून धागा आला. माणूस काय बोलतंय हे कळत नसेल तर त्याच्या हातापायांकडे किती निरखून बघितलं जातं! ज्यांना भाषा येते त्यांनी ज्यूलियाचं बोलणं ऐकलं असेल आणि पाऊल पाहिलंही नसेल.

त्यानंतरचं कडवं मला सगळ्यांत आवडतं. कपाटासारखी बंद होणारी लाकडी खाट, आत ठार काळोख, आणि बाहेर किडे किरकिर करतायत, मैत्रीत असल्यासारखे. एडिंबरोसारख्या दिव्यांच्या शहरात वाढलेल्या मुलाने असा काळोख दुसरीकडे कुठेच अनुभवला नव्हता, हे तो स्पष्ट सांगतो. भिण्याची जागा आहे ती. पण मूल भीत नाही. दिवसभर जे बोलणं कळत नव्हतं त्यातून रात्री सुटका झाली असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. किड्यांचंही कळत नाहीच की. पण किडे उत्तराची अपेक्षा ठेवत नाहीत.

आणि मग ती ओळ येते जिच्यावर वर्गात हमखास प्रश्न येतो. ती बादल्या होती, असं म्हणतो मॅकेग, बादल्या आणि त्यांत उसळत पडणारं पाणी. बादल्या भरायची असं नाही. ती होतीच बादल्या. ती घराच्या कोपऱ्यांवरून ओलेत्याने वाहणारा वारा होती. तपकिरी अंडी होती, काळे घागरे होती, आणि किटलीत तीन पेनीची नाणी जपून ठेवणारी होती. शिक्षक याला रूपक म्हणून सोडून देतात आणि पोरं पाठ करतात. पण हे रूपक हौसेने आलेलं नाही. एखाद्याच्या बोलण्यातली ओळच आपल्याला उचलून सांगता येत नसेल, ती अमुक म्हणाली, तमुक म्हणाली असं एक वाक्यही आठवणीत नसेल, तर तिला उभं करायला उरतं काय? तिच्या आजूबाजूच्या वस्तू आणि तिचा गोंगाट. आपल्याकडच्या व्यक्तिचित्रांमध्ये निम्मी जागा माणसाच्या बोलण्याने व्यापलेली असते. आजीच्या म्हणी, काकांच्या कोट्या, मामीचं पालुपद. ते सगळं काढून घ्या आणि मग लिहून दाखवा. मॅकेगला तेच करावं लागलं. सबंध कवितेत ज्यूलिया मावशीचा एकही शब्द नाही. गॅलिक तर नाहीच, इंग्रजीत सांगितलेलाही नाही. तिच्यावरच्या कवितेत तिला वाक्य नाही, आणि तरी सबंध कवितेत तीच ओरडतेय.

मला वाटतं आईला तेच ऐकू आलं असावं. शेवटच्या कडव्याशी येऊन पणतवाचा आवाज आपसूक खाली उतरला, त्याच्याही नकळत. कारण तिथे पहिल्या दोन ओळी पुन्हा तशाच येतात, मोठ्याने आणि भरभर, आणि लगेच पुढे: मी थोडंफार शिकलो तोवर ती लस्केंटायरच्या वाळूतल्या थडग्यात गप्प पडली होती. त्या खाटेतल्या काळोखाला जे विशेषण होतं तेच इथे थडग्यातल्या काळोखाला आहे. ठार. आईने आयुष्यात इतक्या जणांच्या जाण्याच्या बातम्या ऐकल्यात, फोनवर, दारात, तारेने, की तो उतार तिला कोणत्याही भाषेत ओळखू यावा. पणतवाला अर्थ कळत होता. कोण वारलं हा प्रश्न मात्र तिला पडला.

लस्केंटायरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मॅकेग काहीच सांगत नाही. नुसतं नाव टाकून पुढे जातो. आज ते नाव इंटरनेटवर शोधलं तर पांढऱ्याशुभ्र वाळूचे, निळ्याहिरव्या पाण्याचे फोटो येतात, जगातल्या सुंदर किनाऱ्यांच्या याद्यांमध्ये ते असतं. आउटर हेब्रिडीज म्हणजे स्कॉटलंडच्या वायव्येची बेटं. त्यांतल्या हॅरिसची पश्चिम किनारपट्टी ती. पण ज्यूलियाचं गाव तिकडे नाही. मॅकेगच्या आईचं माहेर होतं स्कॅल्पे, हॅरिसच्या पूर्वेला चिकटल्यासारखं एक छोटं बेट, आणि ज्यूलिया त्या माहेरची. मग पूर्वेची बाई पश्चिमेच्या वाळूत कशी? हॅरिसचा पूर्व किनारा हा नुसता खडक आहे. जुनाट, करडा, बोडका खडक. त्यावर मातीचा थर इतका पातळ की पुरायला खोली मिळत नाही. म्हणून त्या बाजूची माणसं आपले मृतदेह खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून पश्चिमेला आणत, जिथे वाळूची मऊ जमीन आहे. त्या वाटांवर आता हौशी पदयात्री चालतात. शवपेट्यांची वाट असंच तिला म्हणतात.

आता यातली खरी गोम. ती पश्चिमेची मऊ, सुपीक जमीन एकेकाळी याच लोकांची होती, म्हणजे कसायला होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमीनदारांना मेंढ्यांसाठी मोठमोठी कुरणं हवी झाली आणि पश्चिमेची गावंच्या गावं उठवली गेली. हायलँड क्लिअरन्सेस म्हणून स्कॉटलंडच्या इतिहासात जे प्रकरण आहे त्यातलंच हे. काही माणसं जहाजांनी कॅनडाला गेली, बाकीची पूर्वेच्या खडकांत ढकलली गेली. स्कॅल्पेवरही अशी हुसकलेली कुटुंबं येऊन वसली. खडकावर बटाटा कसा पिकवायचा? तर समुद्रातून शेवाळ उपसून पाटीने पाठीवर वाहून आणायचं, त्यात मिळेल तिथून खरवडलेली माती आणि पीट घालायचं, आणि खडकाच्या खोबणीत उंच वाफे रचायचे. वाहून आणण्याचं काम बऱ्याच अंशी बायकांचं. ते वाफे आजही दिसतात, गवताखाली फासळ्यांसारखे. ज्यूलिया मावशी शंभर यार्डांवरून मॅकेगला हाक मारते ती नेमकी याच वाफ्यांवरून आणि पीट कापून झालेल्या खड्ड्यांवरून. कवितेत ते दृश्य म्हणून येतं. पण तो सबंध टापू म्हणजे त्या माणसांच्या हकालपट्टीचा पंचनामा आहे. जिवंतपणी ज्या जमिनीवर त्यांना जागा नव्हती तिच्यात मेल्यावर मिळाली. हे मॅकेगला ठाऊक नसेल असं शक्यच नाही. पुढे त्याने असिंटवर, वायव्य हायलँडमधल्या आपल्या आवडत्या मुलखावर, दीर्घ कविता लिहिली आणि तिथे ही जमीन कुणाची असा सवाल उघड केला. इथे करत नाही. इथे तो पोरगा आहे आणि पोराला फक्त मावशी दिसते, तिच्या आणि आपल्यामधलं अंतर दिसतं.

हे मी पणतवाला, म्हणजे माझ्या भाचीच्या मुलाला, पुढच्या वेळी सांगितलं. तो म्हणाला, हे उत्तरात लिहायचं नसतं. बरोबर आहे त्याचं.

मालवणी आणि गॅलिक यांची गाठ मारायचा मोह मला या सगळ्यात सारखा होत होता. मारू नये. मालवणी बोलणारे लाखो आहेत, नाटकं आहेत, आणि मालवणी ऐकून कुठलाही मराठी माणूस ठार बावळट होत नाही, फार तर हसतो. गॅलिकची गोष्ट निराळी. तरी आत्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाहीये. माझी आत्या वेंगुर्ल्याची. उन्हाळ्यात आम्ही एस्टीतून उतरलो की खळ्यातूनच तिचा आवाज यायचा, "इलंस गो?" आणि मग जे सुरू व्हायचं ते रात्री कंदील बारीक होईपर्यंत. मला सगळं कळायचं. फणस कुठल्या झाडाचा कापा आणि कुठल्याचा बरका, शेजारणीने गडग्याचा दगड कसा सरकवला, सगळं. पण उत्तर मी द्यायची ते शाळेतल्या मराठीत, 'हो आत्या, नको आत्या' करत, आणि आत्या वैतागायची. "माका ह्या पुस्तकातला नको," म्हणायची. त्यात बाबा. एरवी आमच्याशी इतकं तोलूनमापून बोलणारे बाबा आत्यासमोर बसले की त्यांचा आवाज जाड व्हायचा, हात हलायला लागायचे, ते मोठ्याने हसायचे. तो माणूस आम्हाला घरी कधी भेटला नाही. मुंबईच्या गाडीत बसलो की तो वेंगुर्ल्यातच राहायचा आणि आमचे बाबा आमच्याबरोबर यायचे.

बाबांचं आठवलं म्हणून मॅकेगची आई दिसली.

किती वेळा वाचली असेल मी ही कविता, आणि ती त्यात नाही हे लक्षात आलं नव्हतं. मॅकेगचा जन्म १९१० चा, एडिंबरोचा. वडील औषधांच्या दुकानाचे. आई स्कॅल्पेहून किशोरवयात शहरात आलेली. गॅलिक ही तिची जन्मभाषा, इंग्रजी नंतर शिकलेली. म्हणजे ज्या भाषेतला एक शब्द मुलाला कळत नव्हता ती भाषा जाणणारी बाई त्याच्याच घरात, त्याला रोज जेवायला वाढत होती. आणि त्या सुट्टीत, स्कॅल्पेच्या त्या घरात, ज्यूलिया भरभर बोलतेय आणि पोर बघत राहिलंय, तेव्हा ती कुठे होती? कवितेत नाही. कुणी मध्ये पडून सांगत नाही की अरे, मावशी विचारतेय दूध हवं का. कवीने तिला काढून टाकलं असेल, कवितेला दोनच माणसं हवी होती म्हणून. कलेच्या दृष्टीने ते बरोबरच. पण तिला काढल्यामुळे असं वाटत राहतं की भाषा त्या बेटावर हरवली, समुद्रात, वाऱ्यात, वाळूत. ती हरवली एडिंबरोच्या घरात. दोन भाषा येणाऱ्या बाईने मुलाशी एकच बोलायची, हे जिथे ठरलं तिथे.

ठरलं म्हणजे तिने बसून ठरवलं असं नाही. १८७२ साली स्कॉटलंडमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, त्यात गॅलिकचा उल्लेखच नव्हता. बंदी घातली नाही, नुसतं नाव घेतलं नाही, आणि तेवढं पुरलं. बेटांवरच्या शाळांत ज्या पोरांना घरी इंग्रजीचा शब्द ऐकू येत नसे त्यांना पहिल्या दिवसापासून इंग्रजीत शिकवायला सुरुवात झाली. गॅलिक बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात काठी अडकवायची, ती त्याने पुढच्या सापडलेल्या पोराला द्यायची, अशा हकिकती त्या काळातल्या लोकांनी सांगितल्या आहेत. १८९१ च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे अडीच लाखांवर होते आणि त्यांतल्या चाळीस हजारांवर लोकांना इंग्रजी येतच नव्हतं. २०११ ला एकूण बोलणारे उरले सुमारे ५७ हजार. नुसती गॅलिक येणारं माणूस तर आता शोधूनही सापडायचं नाही. अशा काळात बेटावरून निघालेली पोरगी शहरात येऊन संसार मांडते आणि मुलाला रॉयल हायस्कूलमध्ये घालते. तो पुढे विद्यापीठात ग्रीक आणि लॅटिन शिकतो. दोन मेलेल्या भाषा त्याला उत्तम येतात, आईची जिवंत भाषा येत नाही. यात तिला दोष देण्यासारखं काय आहे? आमच्या बाबांनाही आम्ही 'शुद्ध' बोलावं असं वाटायचं, आणि त्यात काही वाईट आहे असं त्यांना सांगितलं असतं तर ते चकित झाले असते.

एक विचित्र गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅकेगने आयुष्यातली बरीचशी वर्षं एडिंबरोत प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून काढली. दुसऱ्या महायुद्धात माणसं मारणार नाही म्हणून नकार दिला, तुरुंगात गेला, आणि मग परत येऊन पोरांना शिकवायला लागला. साठीच्या आसपास विद्यापीठांनी बोलावलं ते नंतर. म्हणजे जी संस्था त्याच्या आणि ज्यूलियाच्या मध्ये आली, तिच्यातच तो खडू घेऊन उभा होता, अर्थात एडिंबरोत, बेटांवर नव्हे. आणि आता तीच शाळा त्याची ज्यूलिया मावशी गुणांसाठी शिकवते. पूर्ण गुण मिळवायला गॅलिकचा एकही शब्द यावा लागत नाही. मी भाचीच्या मुलाला विचारलं, तुमच्या वर्गात कुणाला गॅलिक येतं का? तो म्हणाला, हो, एका मुलीला येतं, तिची आजी लुईस बेटावरची. मग ही कविता शिकवताना ती काय म्हणाली? त्याने आठवून बघितलं. तिला कुणी काही विचारलं नाही, म्हणाला.

इकडे मधल्या काळात गॅलिकसाठी पुष्कळ काही झालं. २००५ चा कायदा झाला, २००८ ला गॅलिक वाहिनी सुरू झाली, शहरांत गॅलिक माध्यमाच्या शाळा निघाल्या, मोबाइलवर ती शिकणाऱ्यांची संख्या बोलणाऱ्यांच्या कितीतरी पट झाली. २०२२ च्या जनगणनेत थोडीफार येणारे सव्वा लाखाहून अधिक निघाले. हे चांगलंच आहे, नाक मुरडण्यासारखं काही नाही त्यात. पण वर चढणारे आकडे शहरांतले, आणि खाली जाणारे बेटांवरचे. स्कॅल्पेला जायला पूर्वी फेरी बोट होती. मॅकेग १९९६ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे पूल झाला.

तर परीक्षेतला प्रश्न, कवितेच्या शेवटाबद्दलचा. या कवितेचा शेवट असा: ती मला अजून ऐकू येते, समुद्रपक्ष्याच्या आवाजात स्वागत करणारी, आणि रागावत जाणारी, रागावत जाणारी, इतक्या प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत म्हणून. भाचीच्या मुलाच्या वहीत याच्या समोर शिक्षकांनी सांगितलेलं लिहिलेलं होतं: कवीला अपराधी वाटतं, हरवलेल्या वारशाबद्दलची खंत. मार्गदर्शक पुस्तकांतही बहुतेक हेच असतं. कवीला विचारायचं होतं, भाषा शिकला तोवर उशीर झाला, प्रश्न तसेच राहिले. चुकीचं नाही. पण माझं यावर समाधान होत नाही. राग कुणाचा आहे ते बघा. कवी रागावलेला नाही, ती रागावलीय. मग ते प्रश्नही तिचेच असायला नकोत का? पोर शहरातून आलंय, पहिल्यांदाच दिसतंय, ती लांबूनच ओरडत येते आणि विचारत सुटते. कसा आलास, बोट लागली का, आई बरी आहे ना, जेवलास का, किती उंच झालास, बोलत का नाहीस. कुठल्याही मावशीचे प्रश्न. आणि समोरून काही नाही. ती पुन्हा विचारते, जरा मोठ्याने, कारण समोरच्याला कळत नाही म्हटलं की आपण सगळेच आवाज चढवतो. तरी काही नाही. पहिल्या ओळीतलं ते 'फार मोठ्याने' असंच आलेलं असणार. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो तिचा स्वभाव वाटला होता, बेटावरची खणखणीत बाई. आता वाटतं, तिच्या आवाजाची पट्टी त्या पोरामुळे चढली.

वारसा वगैरे शब्द फार मोठे आहेत आणि त्यांच्याबद्दल खंत करणं सोपंही आहे. गॅलिक परंपरा, गाणी, गोष्टी, हजार वर्षांचं काव्य, हे सगळं खरंच गेलं असेल मॅकेगच्या हातून. पण त्याबद्दल कवितेत चकार शब्द नाही. कवितेत आहे ती प्रश्न विचारत राहणारी आणि उत्तर न मिळालेली एक बाई. ती काही भाषेची प्रतिनिधी म्हणून रागावलेली नाही. पोर बोलत नाही म्हणून रागावलीय. माझी आत्याही बोलीच्या अस्मितेसाठी वैतागत नव्हती. तिला गप्पा हव्या होत्या, आणि समोर तिच्या भावाची मुलगी पाहुण्यासारखी 'हो आत्या, नको आत्या' करत बसली होती.

आपल्याकडे माणूस गेलं की लगेच प्रेमळ होतं. वर्तमानपत्रातल्या चौकटीत बघा, सगळे मनमिळाऊ, सगळे सर्वांचे लाडके, एकही भांडखोर म्हातारी या महाराष्ट्रात कधी वारली नाही असं वाटावं. व्यक्तिचित्रांतही शेवटाकडे येताना मावश्या-आत्या मऊ व्हायला लागतात. लेखक डोळे पुसतो, त्या स्वप्नात येऊन डोक्यावरून हात फिरवतात, आणि वाचकाला बरं वाटतं. मॅकेगला हे सहज करता आलं असतं. समुद्रपक्ष्याच्या आवाजातलं स्वागत झालं होतं, तिथेच तीन ओळी आधी कविता थांबवली असती तरी पुरे होती. किती गोड शेवट झाला असता. तो थांबला नाही. रागावत जाणारी हे तो दोनदा म्हणतो, म्हणजे राग अजून चालू आहे, वाढतोय, लस्केंटायरच्या वाळूतही उतरलेला नाही. तिने क्षमा केली असं तो लिहीत नाही, आणि मला या कवितेबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो. तिची समजूत काढायचा प्रयत्नही तो करत नाही. काढणार तरी कोणत्या तोंडाने, आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत?